कॅम्प बॉसच्या ऑफिसातला चहा

माझी नात मला सध्या एकच प्रश्न विचारते. "आजोबा, वॉज युअर कॅम्प लाइक अ हॉस्टेल? वेअर यू द वॉर्डन?" मी म्हणतो, हो बाळा, हॉस्टेलच. फक्त पोरं मिशीवाली, आणि परीक्षा कुणालाच नाही. ती खिदळते आणि टॅबमध्ये तोंड खुपसते. निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी लेकीकडे दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये असतो. इथल्या बाल्कनीतून माझा जुना कामगारांचा कॅम्प दिसत नाही, ते एक बरं आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मोहितेकाका, कॅम्पातले किस्से लिहा ना, लोकांना मजा येते." किस्से आहेत, पोतंभर आहेत. पण लिहायला बसलं की हसनचाच किस्सा पुढ्यात येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. मग म्हटलं, आधी त्याचंच लिहू. मजा आली नाही तर बाईंनी मला दोष द्यावा.

आधी धंदा सांगतो. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून तुम्ही "एसी जरा कमी करा हो" म्हणता ना, ती थंड हवा छतावरच्या पत्र्याच्या नळातून येते. त्याला डक्ट म्हणतात. हे डक्ट बसवणारी माणसं दिवसभर छताला लोंबकळायची आणि संध्याकाळी बसमधून अल क्वोजला माझ्या कॅम्पात परत यायची. मी कॅम्प बॉस. नाव भारी आहे, काम सासूचं. कुठली खोली कुणाला, कुणाच्या गादीत ढेकूण झाले, मेसमध्ये भात कच्चा का, कोण पहाटे मोठ्यानं गाणी लावतो, कुणाची चप्पल कुणी घातली. मराठी, मल्याळी, बिहारी, बंगाली, नेपाळी, पठाण. भांडण सगळ्यांचं हिंदीत, शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत. मी मूळचा सांगलीचा, आवाज उपजतच मोठा. ती एक पात्रता पुरली.

पण एक काम करारात कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि तेच खरं माझं काम होतं. गावाकडून वाईट बातमी आली, की ती माणसाला सांगायची.

आखातात राहणाऱ्याला मरणाची बातमी कुणी सरळ देत नाही, हे मराठी माणसाला काय, इथल्या कुणालाच समजावून सांगायला नको. घरचे लोक त्याला फोन करतच नाहीत. ते मला करतात. मी त्याला बोलावून सांगायचं, "वडील जरा सिरियस आहेत, आयसीयूमध्ये ठेवलंय, काळजीचं कारण नाही, पण तू एकदा जाऊन ये." मग इमर्जन्सी रजा, तिकीट, सोबतीला गावाकडचा एखादा. माणूस घराच्या अंगणात पोचतो तेव्हा त्याला कळतं. तोवर तो विमानात धड बसलेला असतो, एवढाच त्यातला उद्देश.

मला हे शिकवलं आधीचे कॅम्प बॉस कुट्टीसाहेबांनी. "खाली पेट खबर नहीं देना, मोहिते," ते म्हणायचे. आधी गोड चहा, चार खजूर, जमलं तर जेवण. कारण ऐकल्यावर दोन दिवस त्याच्या पोटात काही जाणार नाही. मग फोन चार्जिंगला म्हणून काढून घ्यायचा. मग कॅम्पाचा वायफाय बंद. "राउटर गया, इन्शाल्ला कल ठीक होगा." म्हणजे गावचा कुणी दीडशहाणा फोटो पाठवून सगळं उघडं करणार नाही. आणि घरच्यांनाही फोनवर पढवून ठेवायचं, की त्यानं विचारलंच तर काय बोलायचं. मी त्यांना वाक्यं सांगायचो, ते पाठ करायचे.

तुम्ही म्हणाल, हा खोटेपणा कशाला? एकदा एका फोरमननं शहाणपणा करून साइटवरच खरं सांगितलं होतं. ज्याला सांगितलं तो मचाणावर होता. आई गेली म्हटल्यावर तो तिथंच बसला. धड खाली उतरेना, धड रडेना. त्याला खाली आणता आणता दोघांचा जीव जाणार होता. त्या दिवसापासून मी कुट्टीसाहेबांचा पक्का चेला झालो. आणि का खोटं बोलू, मला त्याचा अभिमान होता. मोहितेसाहेबांसारखं कुणाला सांभाळता येत नाही, असं हेड ऑफिसातही म्हणायचे. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो आणि दिवसभर खूश असायचो.

बबनचा किस्सा तेव्हाचाच. बबन नाशिककडचा, वेल्डर. त्याची आई घसरून पडली, पाय मोडला, ऑपरेशन ठरलं. आई ठणठणीत होती, फक्त पाय प्लास्टरात. मी त्याला बोलावून जे होतं ते सांगितलं. "पाय मोडलाय, बाकी काही नाही, जाऊन ये." तो मान खाली घालून उठला, आणि विमानाला निघायच्या आधी आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये जाऊन टक्कल करून आला. मिशीसकट. म्हणाला, "साहेब, अग्नी द्यायला तर पोचत नाही, निदान हे तरी." मी ओरडून ओरडून सांगितलं, अरे म्हातारी जिवंत आहे! तो म्हणाला, "हो साहेब," आणि बॅग उचलली. घरी पोचला तर आई कॉटवर बसून शेंगा सोलत होती. तिनं त्याचा तुळतुळीत गोटा बघितला आणि प्लास्टरचा पाय तसाच ठेवून हाताला लागलेलं सूप फेकून मारलं. "मेल्या, मी अजून मेले नाही, आणि माझ्या नावानं टक्कल?"

कॅम्प कितीतरी दिवस हसत होता. मेसमध्ये कुणी साधं शिंकलं तरी "बबन, वस्तरा आण" म्हणायचे. मीही हसलो. हेड ऑफिसात जाऊन अभिनय करून सांगितला तो किस्सा. बबननं माझ्यावर विश्वास का ठेवला नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आला असता तर पुढचं टळलं असतं का, कोण जाणे.

आता हसन. हसन रत्नागिरीजवळच्या एका गावचा, डक्ट फिटर, हातात कला असलेला माणूस. पत्र्याची कड अशी दुमडायचा की बोट फिरवलं तरी लागायचं नाही. बोलायला मऊ, नमाजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको आणि दोन मुली शहरात भाड्यानं राहायच्या, मुलींच्या शाळेसाठी. शहराचं नाव मी लिहीत नाही. दर सुट्टीहून येताना हसन माझ्यासाठी आंबापोळी आणायचा. "रुखसानानं खास तुमच्यासाठी घातली आहे, साहेब." मी त्या माऊलीला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या हातची चव मला पाठ होती. माझी बायको म्हणायची, तुम्ही त्या पोळीसाठी त्याला सुट्टी देता.

ईद जवळ आली होती. त्या दिवशी दुपारी त्या शहरातल्या मोठ्या बाजारात बॉम्ब फुटला. कापडाची दुकानं, बांगड्यांच्या गाड्या, शीरखुर्म्याचं सामान, पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. आमच्या मेसमधला टीव्ही तेच तेच परत परत दाखवत होता. धूर, उलटलेली हातगाडी, रस्त्यावर चपलाच चपला. कामावर न गेलेले पाच-सहाजण टीव्हीसमोर उभे राहून, कुणी केलं असेल यावर भांडायला लागले होते. आवाज चढले. आमचा आचारी डाव घेऊन बाहेर आला आणि टीव्हीचा प्लगच उपटला. "खलास! इथं जेवण होतं, कोर्ट नाही." ते कुणी केलं, का केलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. चपला मात्र अजून डोळ्यांसमोर येतात.

तेवढ्यात मला फोन आला. नसीमचा, हसनच्या मेव्हणीचा. रुखसानावहिनी मुलींसाठी कापड घ्यायला गेल्या होत्या. मुली घरी होत्या, अल्लाची मेहरबानी. वहिनी जिवंत होत्या. भाजल्या होत्या, पोटात लोखंडाचे तुकडे गेले होते, नळी घातली होती, बोलता येत नव्हतं. "डॉक्टर म्हणतात, उद्याचं काही सांगता येत नाही. पण ऐकू येत असेल म्हणतात. दाजींना बोलायला सांगा. मला पाच मिनिटं आत सोडणार आहेत, मी फोन कानाला लावते. आणि त्यांना आजच निघायला सांगा." ती रडत नव्हती. घाईत होती.

मी तिला म्हटलं, काळजी करू नको, मी सगळं बघतो. आणि मी सगळं बघितलं. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. रजेचं बोलून ठेवलं. आणि मग, बस यायच्या वेळेला, माझे हात आपोआप कामाला लागले. चहा सांगितला, दोन चमचे साखर जास्त. बशीत खजूर काढले. राउटर बंद केला. हसन आला, अंगावर पत्र्याची धूळ. मी म्हटलं, "बस. फोन दे, चार्जिंगला लावतो." त्यानं दिला. मी चहा पुढं सरकवला. "आधी घे."

त्यानं कपाकडे बघितलं. मग खजुरांकडे. मग मान वर न करता विचारलं, "कोण?"

"वहिनी," मी म्हटलं. "पण जिवंत आहे. आयसीयूमध्ये आहे."

"कधी गेली?"

"अरे, गेली नाही! मी काय सांगतोय? जिवंत आहे ती."

"साहेब," हसन हळूच म्हणाला, "चहा दिलात."

मग त्यानंच मला सांगितलं, अगदी समजुतीच्या सुरात, जसं काही आजारी मीच होतो. "सगळ्यांना माहीत आहे, साहेब. तुमच्या ऑफिसात चहा मिळाला की माणूस गेलं. वायफाय गेलं की लोक आधीच बघतात, आज कोणाला बोलावलं. पण तुम्ही इतकं मनापासून करता, म्हणून कोणी काही बोलत नाही. तुम्हाला वाईट वाटेल."

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना सांभाळतोय असं समजत होतो, आणि ते मला सांभाळत होते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं, ते माझ्यासमोर बसून, माझ्या समाधानासाठी, आशा असल्यासारखा चेहरा करत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. पण लाजायलाही वेळ नव्हता. शहरात नसीम फोन हातात धरून उभी होती.

मी राउटर चालू केला. मी त्याला आईची शपथ घातली, माझ्या लेकीची शपथ घेतली. तो म्हणाला, "शपथ नका घेऊ, साहेब. तुमच्यावर राग नाही माझा." मी नसीमला ॲपवरून फोन लावला, स्पीकरवर टाकला. मशीनचा आवाज येत होता, टुक, टुक. नसीम कुजबुजली, "दाजी, बोला, मी कानाला लावते." हसन फोनकडे बघत राहिला.

"बोल रे!" मी ओरडलो. "तिला ऐकू येतंय!"

"मय्यताच्या कानात बोलायला लावता?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच मऊ. "नसीम, तू पण? साहेबांनी सांगितलं म्हणून?" आणि तो खुर्ची सरकवून उठला, व्हरांड्यात गेला, नळावर नमाजाआधीची वजू करायला, हातपाय धुवायला लागला.

फोन चालूच होता. टुक, टुक. पाच मिनिटांतली किती गेली होती देव जाणे. कुणीतरी बोलायला हवं होतं. मी फोन उचलला आणि म्हटलं, "वहिनी, मी मोहिते. अहो, तो तुमची आंबापोळी फस्त करणारा मोहिते." मला फक्त एकच गोष्ट येत होती, आणि तीच मी केली. "वहिनी, हसन निघालाय बरं का. विमानतळावर आहे. पोचतोच आहे तो. तुम्ही धीर सोडू नका."

नसीमचा आवाज आला, "बोट हललं! काका, बोट हललं तिचं!" मग कुणी नर्स काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला.

हसन त्या विमानानं गेला नाही. मी हात जोडले, त्याची बॅग मी स्वतः भरली, ड्रायव्हरला गाडी चालू ठेवायला लावली. तो म्हणाला, "दफनाला कसाबसा पोचेन या आशेनं धावत जाऊन काय करू? माझ्यासाठी थांबवून ठेवू नका म्हणावं, माती द्या तिला. माझा भाऊ रास अल खैमाहून उद्या येतोय, आम्ही दोघं मिळून जातो." मी त्याला दंडाला धरून गाडीत कोंबायला हवं होतं. मला अधिकार होता, आवाज होता. पण त्या चहाच्या वाक्यानंतर माझा आवाजच निघेना. मी त्याच्याशी भांडू शकलो नाही. ही माझी सगळ्यात मोठी लाज, तो चहासुद्धा नव्हे.

रुखसानावहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. संध्याकाळच्या विमानानं गेला असता तर त्यानं त्यांना जिवंत बघितलं असतं. तो पोचला तेव्हा अंगण भरलेलं होतं, आणि त्याला वाटलं होतं तसंच सगळं होतं. कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, आज सकाळीच गेली, तेव्हा त्याला कळलं.

कंपनीचं काम सोडायला तो एकदाच परत आला. मुली लहान, त्यांच्याजवळ राहायला हवं होतं. निघायच्या दिवशी माझ्या ऑफिसात आला. मी उभाच राहिलो. तो आपणहून बसला. टेबलाकडे बघून म्हणाला, "आज चहा नाही?"

"नाही रे. कसा देऊ?"

"द्या की. आता काय."

मी स्वतः करून आणला. दोघंही प्यालो. मग तो म्हणाला, "तुम्ही खरं बोलत होतात हो, साहेब." त्यात टोमणा नव्हता, चीड नव्हती. त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या.

"तुम्ही बोललात म्हणे तिच्याशी. नसीम सांगत होती."

"बोललो."

"काय बोललात?"

मी ठरवलं होतं, या माणसाशी आता खोटं नाही. पण तू निघालास असं तिला सांगितलं, हे मी त्याच्या तोंडावर कसं सांगणार होतो? मी म्हटलं, "तुझं नाव घेतलं. आणि हसन, वहिनींचं बोट हललं. तिला ऐकू आलं."

तो जरा हसला. लहान मुलानं काहीतरी गोड थाप मारली की आपण हसतो, तसा. "नसीम पण हेच सांगते," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलं असेल तिला फोनवर. चांगलं केलंत." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं, कप धुऊन जाग्यावर ठेवला आणि गेला.

त्यानंतर मी ऑफिसातली किटली मेसला देऊन टाकली. निवृत्त होईपर्यंत बातम्या येत राहिल्या. मी सरळ सांगायचो, आणि माणसं माझ्याकडे संशयानं बघायची, की साहेब आता याहून वाईट काय लपवताहेत. बबनच्या बाबतीत मी हसलो होतो, त्याची शिक्षा म्हणून ते सोसलं.

हसन आता गावीच असतो. फोन करतो, माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करतो. मागच्या वर्षी थोरल्या मुलीनं आंबापोळी घातली, ती कुणाबरोबर तरी पाठवली. आईच्या हातची चव अजून यायची आहे, पण येईल. फोनवर मी तो विषय काढला की तो म्हणतो, "जाऊ द्या ना, साहेब," आणि मला धीर देतो.

हा अंक ऑनलाइन निघतो. कुणीतरी त्याला फॉरवर्ड करील, थोरली वाचून दाखवील. म्हणून हे लिहिलं. हसन, वहिनींना मी सांगितलं की तू निघालास, विमानतळावर आहेस. ते खोटं होतं, आणि ते मी तुला तोंडावर सांगू शकलो नाही. पण त्यावर बोट हललं, ते खरं आहे. नसीमला मी काही शिकवलं नव्हतं रे.